खलनायकाची सिगारेट

सिनेमात कुणी सिगारेट पेटवली की माझी बोटं अजून चुळबुळतात. पडद्याच्या कोपऱ्यात इशारा उमटतो, तो मी इमानदारीने वाचतो आणि वाचता वाचता खिसा चाचपतो. हृदयविकाराचा झटका आला तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात थोरल्या भावाचे, आबांचे, पाय धरून शपथ घेतली होती. अकरा महिने पाळली. मग मला सिनेमात काम मिळालं.

साक्रीजवळच्या आमच्या गावात एक शाळामास्तर मोबाइलवर बघण्यासाठी आमच्या अहिराणी बोलीत सिनेमे काढतात. माझ्या मिशा बघून त्यांनी मला खलनायक केलं. आणि खलनायक म्हटला की सिगारेट आलीच. नायकाला व्यसन लागतं, खलनायक ते घेऊनच जन्माला येतो. आधी म्हणाले, नुसती धरा. पण धुराशिवाय दरारा येईना.

"एकच झुरका, नाना. सिनेमानाच शे ना!"

पहिला झुरका मी खरोखर सिनेमासाठी घेतला. दुसरा रिटेकसाठी. तिसऱ्यापासून मात्र मी मुद्दाम चुकायला लागलो. संवाद विसरायचो, कॅमेऱ्यात बघायचो, आणि मास्तर कपाळावर हात मारून नवी सिगारेट द्यायचे. छाती धडधडत होती, स्वतःची किळस येत होती, तरी पुढचा रिटेक कधी याचीच घाई. असा हावरटपणा मी लग्नाच्या पंगतीतही केला नव्हता.

सातव्या वेळी सगळं जमून आलं. मी नायकाच्या तोंडावर धूर सोडून धमकी देत होतो, तेवढ्यात बघ्यांमध्ये आबा दिसले. मी चाळीस वर्षं ओढली, पण थोरल्यांसमोर एकदाही नाही. आमच्याकडे मोठ्यांदेखत कुणीच ओढत नाही. हात आपोआप पाठीमागे गेला, जळती सिगारेट मुठीत मिटली. तळवा पोळला आणि खलनायक "आई गं" म्हणून ओरडला. सगळे पोट धरून हसले.

"आबा, सिनेमानी शे," सिगारेट सिनेमाची असल्याचं मी पुटपुटलो.

आबा जवळ आले. माझी मूठ उघडून त्यांनी चुरगळलेलं थोटूक उचललं आणि त्याच्याकडे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"सिनेमानी सिगारेट कोनी लपाडस का?" ते म्हणाले. "हाई तुनी शे."