सोनेरी पाण्याचा तक्ता

सृष्टिज्ञान हा विषय आमच्या लोधीपुऱ्यातल्या शाळेत सरकारी हुकुमाने आला आणि त्याच्या मागोमाग शिक्षणखात्याकडून विलायती तक्त्यांची गुंडाळी आली. एका तक्त्यावर ओकचं झाड होतं, दुसऱ्यावर बर्फात उभा असलेला लाल छातीचा पक्षी. ऐन चैत्रात मी तो पक्षी शिकवत असे आणि पोरं निदान गारव्यासाठी तरी त्याच्याकडे बघत.

आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना हे पाहवेना. त्यांनी विणकराकडून जाड्या कापडाचा तुकडा आणला. वर सातपुडा काढला, खाली शहर आणि मध्ये लालबागेकडच्या कुंड्यांची रांग. या कुंड्या म्हणजे बादशाही काळात खणलेल्या, विहिरीसारख्या खोल. जमिनीखालच्या बोगद्याने एकमेकींना जोडलेल्या. डोंगरातलं पाणी त्या बोगद्यातून शहरात येई. दर वैशाखात मास्तर वर्ग घेऊन तिकडे जात, दोरीला लोटा बांधून प्रत्येक कुंडीत तळापर्यंत सोडत आणि ओल्या झालेल्या दोरीवरून पाणी किती आहे ते पोरांकडून मोजून घेत. शाळेत परतल्यावर पोरं तक्त्यावरच्या कुंडीत पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात दोरा शिवत. दर वर्षाचा रंग वेगळा. दोरे विणकरांच्या घरचे, उरलेसुरले.

काही वर्षांत तक्ता गोधडीसारखा दिसू लागला, पण वाचता येई. मधल्या एका कुंडीतले दोरे वर्षागणिक आखूड होत होते.

"गुरुजी, ही कुंडी म्हातारी झाली का?" एका पोराने विचारलं.

"म्हातारी नाही रे, आजारी आहे," मास्तर म्हणाले. "काय झालंय ते शोधू. अजून थोडे रंग लागतील."

तेवढ्यात जिल्ह्याला शाळांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. साहेब येणार होते. मास्तर मुलीच्या लग्नासाठी गावी गेले होते. ते परतले तेव्हा तक्ता हेडमास्तरांच्या टेबलावर चकाकत होता. जुने दोरे सगळे उसवले होते आणि प्रत्येक कुंडीत सारख्या लांबीची सोनेरी जर शिवली होती.

"दोरे कुठे आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, कसले ते दोरे! एक लांब, एक आखूड. शाळेची शिस्त दिसायला नको?" हेडमास्तर म्हणाले. "गाव आपलं जरीचं, आणि साहेबांना चिंध्या दाखवायच्या?"

"उसवलेले तरी ठेवलेत का?"

"केरात गेले असतील. तुमचंच नाव होतंय मास्तर, आणि सुतकात असल्यासारखे काय उभे राहता?"

मी म्हणालो, "एक बरं झालं. कुंड्यांना एकदाचं पोटभर पाणी मिळालं."

हेडमास्तरांनी मला सौंदर्यदृष्टी नसल्याचं सांगितलं.

तक्त्याला पहिला नंबर मिळाला. साहेबांनी भाषणात त्यातल्या बारीक निरीक्षणाची तारीफ केली. तक्ता परत आला तो सोनेरी चौकटीत, काचेमागे.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. उन्हाळ्यात नळाला धार येईना, तेव्हा म्युनिसिपालिटीचे एक सभासद शाळेत आले. आम्ही कुंड्या मोजतो हे त्यांनी ऐकलं होतं. पाणी कुठल्या कुंडीपाशी अडतंय ते कळलं तर तिथे माणूस उतरवून गाळ काढायचा होता. हेडमास्तरांनी त्यांना मोठ्या अभिमानाने तक्त्यासमोर उभं केलं.

सभासदांनी चष्मा चढवला. "इथे तर सगळ्या भरलेल्या दिसतात की हो."

मापं दुसरीकडे कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून मास्तर आणि मी आठवू लागलो. त्यांना डोंगराकडून चौथी वाटत होती, मला पाचवी. पहिल्यांदा दोरा आखूड झाला त्या साली तो निळा होता की हिरवा, यावरही आमचं जमेना. सभासद सभ्यपणे ऐकत राहिले. शेवटी गाळ काढला तो त्यांच्या घराजवळच्या कुंडीतला.

त्याच वैशाखात मी दोरी आणि लोटा काढून मास्तरांपुढे ठेवला. विणकराकडून जांभळा दोराही मागून आणला होता. मास्तरांनी तो बोटाला गुंडाळला आणि पुन्हा सोडला.

"शिवायचा कुठे?" ते म्हणाले. "वर काच आहे."

नवीन कापड आणू म्हटलं, तर कोऱ्या कापडावर एकटा एक रंग काय सांगणार, म्हणाले.

मग मी खात्याची गुंडाळी पुन्हा काढली. उन्हाळा फार कडक होता. बर्फातला पक्षी पोरांनी आवडीने पाहिला.