उघड्या डोळ्यांचा हट्ट

बीदरजवळच्या नौबादहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर ऊन खात बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. माझी थोरली बहीण, महादेवीअक्का, भरल्या घरातून, लेकरं-नातवंडं बघून गेली. आता महिना होत आला. पण तिची आठवण आली की मला आधी हसूच येतं आणि त्याला माझा इलाज नाही. अक्काला फोटोचा नाद लागला तोच मुळात नको तिथं हसल्यामुळे.

आमचं गाव बीदरकडं, मन्नाएखेळ्ळीच्या जवळचं, तेव्हा निजामाच्या राज्यातलं. घरात मराठी, पूजेला कानडी आणि कचेरीत उर्दू, असा सगळा कारभार. आमच्या लोकांत माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात आणि तसंच बसलेलं नेतात. नेण्याआधी कुणी कुणी बीदरहून फोटोवाला बोलावत. त्यामुळे आमच्या गावानं फोटो म्हणून पाहिलं होतं ते एवढंच, डोळे मिटून बसलेली माणसं. आमचे आजोबा गेले तेव्हा मी मांडीवरचा होतो आणि अक्का परकरात. फोटोवाल्यानं तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेऱ्याची पेटी ठेवली, काळं फडकं टाकलं, आणि तो हार नीट करायला पुढं गेला तशी ही बया त्या फडक्यात शिरली. आत काचेवर आजोबा उलटे! खाली डोकं, वर मांडी, आणि भोवतीच्या रडणाऱ्या आत्या आढ्याला लटकलेल्या. अक्का खदखदून हसली. भर सुतकात पाठीत असा धपाटा बसला की फडक्यासकट बाहेर आली. पुढं ती मला सांगायची, "मार आठवत न्हाई बघ शिवा. ती काच आठवती."

लग्न होऊन ती गुलबर्ग्याला गेली. भावजी शाळामास्तर, स्वभावानं गरीब. आमच्या मामाचं हैदराबादला कापडाचं दुकान होतं. त्यानं हौसेनं एक डबा कॅमेरा घेतला होता, पण त्याच्या फोटोत कुणालाही डोकं म्हणून नसायचं. मामीनं तोंडसुख घेतलं आणि कंटाळून त्यानं तो डबा अक्काला देऊन टाकला. मग काय! स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी, कंदिलाला लाल फडकं, परातीत फोटो पोहतायत आणि भावजी चहाची वाट बघत ओसरीवर, असा तो संसार सुरू झाला. दोरीवर धुणं वाळावं तसे फोटो वाळायचे. शेजारणी वाटी मागायच्या निमित्तानं डोकावून जायच्या.

त्या वर्षी अक्का येळवशीला माहेरी आली ती डबा घेऊनच. येळवस म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायचं, आंबील प्यायची. अक्कानं जेवणानंतर चुलते, चुलत्या, गडी सगळ्यांना कडब्याच्या कोपीपुढं बसवलं. बसले ते मांडी घालून, हात गुडघ्यावर, आणि डोळे गच्च मिटून. अक्का ओरडली, डोळे उघडा. उघडले. तिनं खटका दाबायला बोट नेलं की सगळ्यांचे पुन्हा बंद. चुलते म्हणाले, फोटोला असंच बसतेत, आम्हाला काय शिकवायलीस. माझं हसून पोट दुखलं. अक्का मात्र हसली नाही. तिचं लक्ष अव्वाकडं होतं, म्हणजे आमच्या आईकडं. अव्वा फोटोला आलीच नव्हती, लांब ज्वारीत उभी राहून खोकत होती. त्या वर्षी दम्यानं तिला पार वाळवून टाकलं होतं. माहेरपण बाजूला ठेवून अक्का डबा घेऊन कशासाठी आली होती ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

अव्वा काही केल्या ऐकेना. जित्त्या माणसाचा फोटो काढून तुमच्या अप्पांना घोर लावू काय, म्हणायची. शेवटी अक्का परत जायच्या दिवशी तिचं रुसकं तोंड बघून अव्वा कबूल झाली. न्हाली, इरकली लुगडं नेसली, ठसठशीत विभूती लावली, अंगणात उन्हात कांबळ्यावर मांडी घातली आणि डोळे मिटले. अक्कानं सांगून बघितलं, दटावून बघितलं. मग डबा पोटाशी धरून ती खाली बसली.

"अव्वा, आजाचे डोळे कसे होते, मला आठवंना गं. तो मिटल्याला फोटोच आठवतो. तुझे तरी राहू दे की मला."

अव्वाचे डोळे मिटलेलेच. एवढ्यात अप्पा शेतातून आले आणि दारात वहाणा काढू लागले. अव्वानं पट्कन डोळे उघडले, हात वर केला.

"अवो, हात धुवा. भाकरी वाढते."

खट्.

फोटो आला त्यात अव्वाचा हात हललेला, तोंड उघडं आणि नजर बाजूला, दाराकडं. अव्वा म्हणाली, चुलीत घाल. अप्पांनी तो उचलून आपल्या पेटीत ठेवला. निजामाची राजवट गेली त्याच सुमारास अव्वाही गेली. चुलते बीदरला फोटोवाल्याकडं माणूस धाडायला निघाले, तर अप्पांनी आडवा हात केला. पेटीतून तो फोटो काढून अक्काच्या हातात दिला आणि म्हणाले, "हाय आपल्याकडं. बोलती हाय." ओसरीत फोटो लागला. चारसहा दिवसांनी अप्पांनी जेवायचा पाट आपणहून सरकवला, अव्वाची नजर जिथं पडते तिथं. शेवटपर्यंत ते तिथंच जेवले.

परवा नौबादला गेलो, अक्का शेवटी लेकाकडं राहायची त्या घरी. अप्पांच्या मागं फोटो तिनं नेला होता, तो बैठकीत आहे. तिची खुर्ची मात्र भलत्याच ठिकाणी, खिडकी सोडून, येण्याजाण्याच्या वाटेत. भाच्याची बायको म्हणाली, सगळ्यांच्या पायात येते, पण आत्याबाई हलवूच देत नव्हत्या, आता हलवावी का?

मी त्या खुर्चीत बसलो आणि वर बघितलं... अव्वाची नजर थेट माझ्यावर, हात उचललेला, ओठ उघडे. स्वयंपाकघरात ताटं मांडल्याचा आवाज आला.

"राहू दे तिथंच," मी म्हणालो, आणि उठून हात धुवायला गेलो.