पूर्वेच्या अंगाला भेग

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत, करणी, संकेत यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी होती. कुणाची ग्रहशांती करायला निघताना आजोबा आजीला हळूच काय सांगून जायचे, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. दुकान आतून बघितलेल्या माणसाला गिऱ्हाईक होता येत नाही. तेव्हा खाली कमेंटमध्ये 'एखादी पूजा घालून घ्या' असलं कुणी लिहू नये.

छावणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं एका शटरचं दुकान आहे. कॉम्प्युटरमधला उडालेला डेटा परत काढून देतो, त्यातही ईमेलच्या फाईली जास्त. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – आउटलुक वापरणाऱ्याचे सगळे मेल एकाच मोठ्या फाईलमध्ये साठतात. जुन्या व्हर्जनमध्ये ही फाईल दोन जीबीच्या पुढे गेली की फाटते. मग माझ्यासारखा माणूस आतले तुकडे गोळा करतो, एकेक मेल पुन्हा जोडतो. बहुतेक वेळा जमतं.

गोष्ट त्या दुष्काळातली, ज्या वर्षी हर्सूलच्या तलावाचा तळ भेगाळून उघडा पडला होता. नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता, आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढतच होतं. हर्सूलच्या पुढे एका बिल्डरची फ्लॅटची स्कीम चालू होती. रस्त्यावर मोठं बॅनर – 'चोवीस तास पाणी'. पाणी कुठून, तर साइटवरच्या जुन्या विहिरीतून. ती विहीर सुरुंग लावून आणखी खोल करत होते.

एके दिवशी दुपारी मनीषा नावाची मुलगी दुकानात आली. शहरात नर्स होती. सोबत तिचे वडील, डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. पिशोरकडचे मेंढपाळ. ते आत आलेच नाहीत, पायरीवर बसले. मनीषानं पिशवीतून एक जुना लॅपटॉप काढला. तिच्या भावाचा, कैलासचा. कैलास त्या साइटवर सुपरवायझर होता. घराण्यातला पहिला डिप्लोमा.

सुरुंगानंतर विहीर एका बाजूनं ढासळली होती. आत दोन मजूर आणि कैलास दबून मेले. बिल्डरच्या कंपनीचं म्हणणं, कैलासनं कुणाला न विचारता स्वतःच्या डोक्यानं माणसं उतरवली. त्या मजुरांच्या मरणाचा ठपका त्याच्या नावावर बसला होता. एका मजुराच्या घरचे पिशोरच्या बाजारात आण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या तोंडावर थुंकले होते.

"दादानं आदल्या दिवशी मला फोनवर सांगितलं होतं, सर," मनीषा म्हणाली. "साहेबांना मेल टाकलाय, भेग पडलीय म्हणून लेखी कळवलंय. सगळे साहेबांच्या वाढदिवसात होते, कुणी उत्तरच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं सुरुंग लावला. नंतर दगड काढायला माणसं उतरवली आन्‌ दादाला भेग वाढताना दिसली, म्हणून तो त्यांना वर काढायला उतरला."

कंपनीनं हात वर केले होते. असा मेल आलाच नाही म्हणे.

लॅपटॉप उघडला. फाईल नेमकी मेल टाकला त्याच दिवशी फाटलेली. कारण बघितलं आणि डोक्यात तिडीक गेली. त्या कंपनीत पद्धत अशी की साहेबांच्या वाढदिवसाला प्रत्येकानं मेलवर शुभेच्छा द्यायच्या, आणि त्याही सगळ्यांना दिसतील अशा. कोण विसरलं ते साहेबांना कळलं पाहिजे ना. प्रत्येक मेलला साहेबांच्या बॅनरचा वजनदार फोटो. साहेब गॉगलमध्ये, साहेब फेट्यात, साहेब केक कापताना. या फोटोंनी कैलासची फाईल फुगून फुगून फाटली, आणि पोरानं जीव तोडून लिहिलेला मेल त्याच ढिगाऱ्याखाली गेला.

फाईल दुरुस्त केली. शुभेच्छा सगळ्या सापडल्या, कैलासचा मेल नाही. मग एक शुभेच्छा सहज उघडून बघितली. वर विषय – 'आदरणीय साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. आत, इंग्रजी अक्षरांत टाईप केलेलं मराठी... 'साहेब, विहिरीच्या पूर्वेच्या अंगाला भेग गेली हाय. सुरुंग लावू नका. माणसं खाली उतरवायची नाय.'

दुसरी शुभेच्छा उघडली. तेच. तिसरी, तेच. अकाउंटंटचा मेल, ड्रायव्हरचा मेल, खुद्द साहेबांचा 'सर्वांचे आभार' – सगळ्यांच्या आत कैलासच.

इथपर्यंत मला काही विशेष वाटलं नाही. फाटलेल्या फाईलमध्ये एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला चिकटतं, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. मनीषाला तसं समजावून सांगितलं. मूळ मेलचं डोकं, म्हणजे कुणी, कुणाला, कधी पाठवला हा भाग मात्र कुठेच मिळेना. जे होतं त्याचे प्रिंट काढून दिले. आण्णांनी कागद हातात घेतला, उलटा धरला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"म्हंजी त्यानं सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

"हो आण्णा, सांगितलं होतं."

"बास. मला एवढंच पायजे व्हतं."

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. चौकशी करणाऱ्यांनी प्रिंट बघितले आणि विचारलं, यावर नाव कुठंय, तारीख कुठंय? एकजण तर हसला म्हणे... वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना कुणी असं लिहितं का? मनीषा हे सांगताना रडली नाही. मलाच राग आवरेना.

आता खरी गोष्ट.

नंतर माझी कामाची हार्डडिस्क बिघडली. नवी आणली, सीलबंद. तिच्यावर पहिलं काम केलं ते एका शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचं. लाइट जाऊन त्यांची फाईल खराब झाली होती. बाईंचा त्या कंपनीशी, हर्सूलशी, कशाशीच संबंध नाही. दुपारी जेवण करून आलो आणि नमुना म्हणून त्यांचं एक पत्रक उघडलं. विषय – पालकसभा. आत –

'आण्णा, मेंढरं विहिरीच्या पूर्वेला बसवू नका. जमीन पोकळ हाय.'

मी खुर्चीतून उठून गल्लीत जाऊन उभा राहिलो. समोर टँकरपाशी बायका भांडत होत्या, ते ऐकून जरा बरं वाटलं. मग आत येऊन मनीषाला फोन लावला. ती वडिलांकडेच गेलेली होती, तिनं फोन त्यांना दिला. त्या उन्हाळ्यात ते कळप घेऊन हर्सूलकडेच आले होते. चौकशीचे खेटेही होतात आणि नाल्याकाठी थोडं हिरवंही मिळतं म्हणून. खतासाठी शेतकरी मेंढरं रानात मुक्कामाला बसवून घेतात, तसा कुणा ना कुणाच्या रानात त्यांचा मुक्काम असायचा.

मी वाचून दाखवलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"भाऊ, हे तुमाला कुणी सांगितलं?"

"का?"

"उद्या तिथंच बसवायची व्हती. त्या रानाच्या मालकाला मी आत्ताच व्हय म्हणून आलो. पोरीला बी बोललो नाय अजून."

त्यांनी मेंढरं तिथे नेली नाहीत. दोन-चार दिवसांत विहिरीच्या पूर्वेची ती जमीन खचली. बैलगाडी बैलांसकट जाईल एवढा खड्डा. मी स्वतः जाऊन बघून आलो. कडेला उभं राहून आण्णा म्हणाले, "त्यानं दोघांस्नी सांगितलं. मी अडाणी, मी ऐकलं."

बाईंच्या फाईलमध्ये तो मजकूर कुठून आला? जुन्या डिस्कवरचा म्हणाल, तर डिस्क नवी होती. बरं, आला असेल, पण कैलासच्या लॅपटॉपमध्ये मेंढरांचा शब्दसुद्धा नव्हता. मी अक्षर न्‌ अक्षर शोधलंय. या धंद्यातल्या दोन-तीन जाणत्या मित्रांना विचारलं. एकानं माझं डोकं फिरलंय असं सुचवलं, बाकीचे विषय बदलून मोकळे झाले.

चौकशीचा निकाल लागला. सुपरवायझरचा निष्काळजीपणा. बिल्डरनं पूर्वेचं ते रान विकत घेतलं, खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि त्यावर आणखी एक विंग उभी केली. बागेसकट. साहेबांचा वाढदिवस आता व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. आण्णा पिशोरकडे परत गेले. त्या मजुराच्या घरचे अजूनही त्यांच्याशी बोलत नाहीत, असं मनीषा सांगते.

तेव्हापासून माझ्याकडे त्या स्कीममधून कुणाचीही फाईल आली की परत देण्याआधी मी ती पूर्ण चाळतो. 'भेग' शोधतो, 'पूर्व' शोधतो. एकदाही काही सापडलेलं नाही. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटायचं. आता भीती वाटते, की सांगून सांगून कैलास दमला आणि त्यानं सांगणं सोडून दिलं.

मध्यंतरी तिथलाच एकजण आला. तिशीतला, नोकरदार, बोलायला चांगला. बायको बाहेर स्कूटरपाशी लहान मूल घेऊन उभी. त्याच्या फाईलमध्येही काही नव्हतं. देता देता विचारलं, कुठली विंग? म्हणाला, पूर्वेची, नवी. पार्किंगच्या फरशीला मध्येच एक भेग पडलीय, पण सोसायटीवाले म्हणतात सगळीकडेच पडते.

मग मी त्याला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. विहीर, कैलास, खड्डा, मुरूम, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. एकदा बाहेर बायकोकडे बघितलं आणि मला विचारलं,

"सर, ह्याचं काही लेखी आहे का?"