लाल दोरीची गठडी आणि मुठीत मावणारा फोन

मोठा फोन देऊन छोटा घेतला, तेव्हा आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नवरा म्हणाला, "लोक वरच्या वर्गात जातात, तू खालच्या वर्गात चाललीस." पण माझा हिशेब साधा होता. मी जळगावात शाळेत चित्रकला शिकवते आणि चित्रं काढते टॅबवर. टॅब पिशवीत असतोच. मग हातातही दुसरी परात कशाला बाळगायची? मोठ्या फोनने अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, कुर्त्याच्या खिशात तो मावायचा नाही, म्हणून पिशवीच्या तळाशी जायचा. आणि नेमका वाजला की एसटीत अर्ध्या प्रवाशांसमोर डबा, बाटली, रुमाल असं सगळं दुकान मांडावं लागायचं.

छोट्या फोनची खरी परीक्षा झाली ती मे महिन्यातल्या तीन दिवसांच्या प्रवासात. जळगाव, मुक्ताईनगर, धुळे आणि शिरपूर असा बेत होता. शिंदखेडा बेतात नव्हतं. ते कसं घुसलं, तेच सांगायला बसले आहे.

कारण कामाचं होतं. शिरपूरला सातपुड्यातल्या गावांमधून शिकायला आलेल्या मुलींचं एक वसतिगृह आहे. त्यांच्या वाचनखोलीच्या भिंतीसाठी मी नऊ चित्रं काढली होती. पळस, मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका, तापीकाठचे बगळे, असं. वीस वर्षं मी इतरांच्या स्नेहसंमेलनांचे पडदे रंगवले, पण माझ्या नावाने आलेलं हे पहिलं काम. सोमवारी चारला चित्रं दाखवायची, पसंत पडली तर भिंत माझी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वार्डनबाई महिनाभर सुट्टीवर जाणार होत्या आणि दुसऱ्या एका चित्रकारानेही नमुने पाठवलेले होते. म्हणजे सोमवार हुकला की भिंत गेली.

शनिवारी सकाळी नऊची बस धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पन्नाशीच्या आतबाहेर काम झालं. भुसावळपर्यंत उभी होते. एका हातात वरची दांडी, दुसऱ्या हातात फोन, आणि त्याच हाताच्या अंगठ्याने मी नवऱ्याला निरोप टाइप केला, "एका हाताने लिहितेय. पडले नाही." त्याने नुसता अंगठा पाठवला.

मुक्ताईनगरच्या पुढे थोड्या अंतरावर माझी अक्का राहते, म्हणजे आईची मोठी बहीण. माहेर शिंदखेड्याचं, पण पन्नास वर्षांत तिच्या अहिराणीत इकडची पूर्वेकडची बोली अशी मुरलीय की ती नक्की काय बोलते ते तिचं तिलाच ठाऊक. दारात पोचले तर म्हणाली, "जयभीम माय! किती वाळली तू, बिबड्यावानी."

तर बिबडे. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. ज्वारीचा आंबवलेला भरडा शिजवून, ओल्या कापडावर हाताने थापून, उन्हात वाळवलेला ताटाएवढा पापड म्हणजे बिबडा. चुलीवर भाजून, तेल-तिखट लावून कच्च्या कांद्याबरोबर खायचा. दुकानातून आणू नका, कुणाची तरी मावशी गाठा. अक्काकडे त्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि आमरस असा बेत होता. मी इतकी जेवले की वाकून चप्पल घालणं अवघड झालं.

संध्याकाळी शेजारच्या केळीच्या बागेत फिरले. फोनने झटपट फोटो घ्यायचे आणि ओट्यावर बसून टॅबवर त्यांचं चित्र करायचं, अशी माझी पद्धत. डोळ्यांचं काम टॅबचं, हाताचं काम फोनचं. शेवटचं चित्र तिथेच पुरं झालं. टॅबमध्ये सिम नाही, अक्काकडे वायफाय नाही, आणि घरी असताना मी आळस केलेला. थोडक्यात, नऊच्या नऊ चित्रं फक्त त्या टॅबमध्ये होती. हो, माहीत आहे. नवरा बोलून झालाय, तुम्ही नका बोलू.

अक्काने टॅब हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ही पाटी अशीच पिशवीत टाकते तू? बाटलीसंगं?"

"कव्हर आहे ना त्याला, अक्का."

"कव्हर गेलं चुलीत. दे इकडं."

तिने बिबड्यांची चळत घेतली, मधोमध टॅब ठेवला, वर पुन्हा बिबडे, आणि सगळं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दोरीने घट्ट बांधलं. म्हणाली, "बिबडा शाबूत, तं पाटी शाबूत." मला हसू आलं, पण खरंच त्याहून सुरक्षित जागा सापडली नसती. बिबड्याला खानदेशात जेवढं जपतात तेवढं पोटच्या पोरांनाही जपत नसतील.

माझा मामेभाऊ त्याच दिवशी टेम्पोत केळीची रोपं न्यायला आलेला होता. मी त्याला भाऊच म्हणते. तो राहतो शिंदखेड्याला. त्याच्यासाठीही अक्काने तशीच गठडी बांधली. रविवारी सकाळी मला बसस्टँडवर सोडून तो अमळनेरच्या रस्त्याने घरी जाणार होता. निघताना माझा फोन पाहून म्हणाला, "ताई, हाऊ फोन शे का काडीपेटी?"

झालं! मला सुरसुरीच आली. एका हाताने फोटो काढून दाखवला, एका हाताने नकाशा उघडून दाखवला, खिशात टाकून उड्या मारून दाखवल्या. त्याचा फोन घेतला आणि त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबून दाखवला. अर्धा बाहेर. भाऊ हसून हसून बेजार. अक्का ओट्यावरून काहीतरी सांगत होती, मी "हो हो" म्हणाले. स्टँडवर उतरले, टेम्पोच्या सीटवरून गठडी उचलली आणि बसमध्ये बसले.

जळगावला बस बदलून एरंडोल, पारोळा करत धुळे. रस्ता आता चांगला झालाय, पण दुपारी खिडकीची जागा घेऊ नका, भाजून निघाल. बसस्थानकाजवळ नऊशेत खोली मिळाली, कूलरसकट. पंख्याखाली गठडी ठेवून झोपले. उठून शेवभाजी खाल्ली, इतकी जहाल की कानातून वाफ निघाली. पाच वाजता रिक्षाने लळिंगला गेले. किल्ल्यावर चढायची ताकद नव्हती, पायथ्याशी बसून उतरत्या उन्हातला डोंगर काढायचा विचार होता. झाडाखाली गठडी सोडली.

वर बिबडे. खाली बिबडे. मध्येही बिबडेच.

एकेक बिबडा गवतावर मांडला. एकही फुटलेला नव्हता. भाऊची गठडी माझ्याकडे आली होती आणि माझी नऊ चित्रं त्याच्या टेम्पोत गेली होती.

भाऊला फोन लावला. रिंग वाजते, उचलत नाही. दहा वेळा लावला. मग अक्काला लावला. तिचा बटणांचा फोन कमरेच्या पिशवीत असतो, पहिल्या रिंगला उचलते.

"अक्का, दोन्ही गठड्या सारख्या का बांधल्या? कोणी सांगितलं होतं तुला टॅबला हात लावायला? माझं वर्षाचं काम गेलं!"

पलीकडून बारीक आवाजात, "मी लावते भाऊले फोन." एवढंच बोलून तिने ठेवला. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. नाही वाटली, मी रागात होते.

त्या रात्री झोप कसली! सोमवारी सकाळी अकराला एकदाचा फोन उचलला गेला. भाऊ नव्हता, वहिनी होती.

"त्या त सकायमाच खेतमा गयात, ताई. फोन घरच ऱ्हास. खिसामां मावस नही ना त्यासना." कालही दोघं लग्नाला गेले होते, फोन टेम्पोत पडून होता.

"वहिनी, अक्काने दिलेली बिबड्यांची गठडी कुठेय?"

"वर गच्चीवर ठेयेल शे. बिबडाले ऊन दखाडानं शे. थांबा, दखस मी..."

फोन कट! पुन्हा लावला तर नुसती रिंग. फोन खाली, वहिनी वर.

आता खानदेशातल्या मे महिन्यातली गच्ची म्हणजे काय ते सांगायला हवं का? चप्पल सोडून उभं राहून दाखवा. तिथे वाळवणाला ऊन दाखवायला घरोघरी बायका टपलेल्या असतात, आणि त्या वाळवणात माझा टॅब.

धुळ्याहून शिंदखेड्याची बस खचाखच भरलेली होती. दीड तास उभी होते, आणि त्या दीड तासात त्या छोट्या फोनने माझी लाज राखली. दांडी न सोडता वार्डनबाईंना कळवलं की कदाचित उशीर होईल. त्यांनी उत्तर पाठवलं की पाचपर्यंत थांबते, पुढे नाही. दांडी न सोडताच शिंदखेड्याहून शिरपूरचा रस्ता पाहिला, नरडाण्याला जाऊन महामार्ग धरायचा. मोठा फोन असता तर तो पिशवीच्या तळाशी असता आणि पिशवी कुणाच्या तरी पायाखाली.

भाऊचं घर गाठलं आणि बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर. पांढऱ्या कापडावर बिबडेच बिबडे, ओळीने, चंद्र मांडल्यासारखे. टॅब नाही.

मागून वहिनी आली. "अवं ताई, चप्पल त घाला! काय दखी ऱ्हायनात?"

"पाटी, वहिनी. काळी पाटी."

"ती? ती माठना मांगे शे, सावलीमां. येवढी मोलनी वस्तू, उनमां टाकसू का मी?"

पळतच खाली. स्वयंपाकघरात माठाच्या तिवईमागे, कोरड्या फडक्यात, माझा टॅब. बटण दाबलं. उजेड आला. पळस आला, बगळे आले, मोहाची फुलं आली. नऊच्या नऊ! मी तिथेच फरशीवर बसले आणि भोकाड पसरलं. चाळिशी उलटलेली बाई, पण काय करणार, सुटकेचं रडू असंच असतं.

"रडतस कसाले? फोननी बॅटरी सरनी, नही त सांगती मी. चहा ल्या," वहिनी म्हणाली. मग चहा देता देता सहज बोलून गेली, "लाल दोरी दखी अनी माले समजनं, हाई ताईनी शे. अक्कानी तीनदाव सांगं व्हतं म्हणे, लाल तुम्हनी, हिरवी आम्हनी. तुम्हना भाऊनी सांगं, तुम्हनं ध्यान फोनमां व्हतं."

मी माझी पिशवी उघडली. बिबड्यांच्या गठडीभोवती हिरवी दोरी. एक दिवसभर मी ती दोरी मांडीवर घेऊन फिरले होते. ओट्यावरून अक्का हेच तर सांगत होती आणि मी उड्या मारत "हो हो" म्हणत होते.

अक्काला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"सापडली का माय पाटी?"

"सापडली. अक्का, चूक माझीच होती. हिरवी मीच उचलली. तुझ्यावर उगाच ओरडले गं."

"जाऊ दे माय. घाईत दोऱ्या सारख्याच दिसतात."

लाल आणि हिरवी सारख्या दिसतात! कालच तिने मला हे ऐकवलं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं? पण नाही बोलली.

"तू जेवलीस का?" मी विचारलं.

"आता घेते चहा. कालपासून घास नव्हता उतरत."

माझ्या हातातला चहा गार झाला. पुन्हा माफी मागितली, तर म्हणाली, "पुरे कर, बस चुकवशील."

पुढचं सगळं सरळ झालं. शेतातून परतलेल्या भाऊने टेम्पोतून नरडाण्याला सोडलं, तिथून बस मिळाली, सावळद्याच्या पुलावर तापी ओलांडली आणि साडेचारला वसतिगृहात. टॅब टेबलावर आडवा ठेवला आणि वार्डनबाईंबरोबर सुट्टीत थांबलेल्या दहाबारा मुली वाकून बघू लागल्या. इथे छोटा फोन काय कामाचा? एवढी डोकी मावायला टॅबच हवा. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पळसाचं पान एकटं नसतं, तीन-तीन असतात." बरोबर होतं तिचं. मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं, आणि वार्डनबाई म्हणाल्या, "मग भिंत तुमचीच."

तर प्रवासाला निघणाऱ्यांसाठी माझा सल्ला. पिशवीत टॅब असेल तर फोन छोटाच घ्या. खिशात मावणारा, एका हाताने चालणारा. टॅबमधलं काम निघण्याआधी दुसरीकडे उतरवून ठेवा. मे महिन्यात दुपारचा प्रवास टाळा. आणि बिबडे आणा.

मंगळवारी घरी पोचले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग? छोटा फोन पास की नापास?"

"फोन पास झाला," मी म्हणाले. "मी नापास."

मागच्या आठवड्यात फेरपरीक्षेला अक्काकडे जाऊन आले. निघताना टॅब स्वतःच तिच्या पुढ्यात ठेवला. ती हात मागे घेऊन म्हणाली, "नको माय, तूच बांध." मी फोन बंद करून खिशात टाकला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. मग तिने बिबडे काढले, दोरी काढली.

"कोणती तुही?"

"लाल, अक्का."

"पुन्हा सांग."

"लाल."