टेंभुर्णीच्या काकांची उत्तरं

इंटरनेटवर चपला काढून शिरणारा माणूस मी आयुष्यात एकच जाणला. पाहिला मात्र कधीच नाही. आमच्या दूरशिक्षणाच्या वर्गाची चर्चा संगणकाच्या एका पानावर चालायची. मी मस्तगडातल्या माझ्या खोलीतून लिहायचो, हे काका टेंभुर्णी गावच्या नेट कॅफेतून. सत्तरीतला हा विद्यार्थी आधी "रामराम मंडळी" लिही, मग आधीच्या माणसाचं काय पटलं ते नाव घेऊन सांगे, आणि मगच स्वतःचं मत मांडी. कुणाचा पारा चढला तर त्याला आधी पाणी प्यायला लावी. आम्ही पोट धरून हसायचो. पण एकदा मी वर्गातल्या एका बाईंना तिखट उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधीच खोडलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मला लिहिलं, "खोडलं ते बराबर केलं." मी दचकून मागं पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं.

त्या धास्तीनंच की काय, पुढच्या वादात माझा तोल गेला. "तुम्ही विद्यार्थी आहात, हेडमास्तर नाही. वयाचा धाक दाखवू नका," असं मी सगळ्यांदेखत लिहिलं. चार दिवस त्यांचा रामराम आला नाही आणि पान ओसाड वाटू लागलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं: "धाक वाटला आसंल तर चूक माझी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस मनाशी भांडून शेवटी मी तिथंच, सगळ्यांसमोर, माफी मागितली. दहा मिनिटांत काकांनी लिहिलं, "माफी पोचली. मनात ठेवू नका."

रविवारी पेढे घेऊन मी टेंभुर्णी गाठली. कॅफेवाल्यानं मला बसवलं, पाणी दिलं.

"काका गेले की. आठ दिस झाले."

मी म्हटलं, त्यांचं उत्तर तर परवाच आलंय.

"मीच टाकलं. त्यांना टाइप कुठं येत होतं? कागदावर लिहून द्यायचे. दवाखान्यात जाताना दोन कागद देऊन गेल्ते. एक चार दिवसांनी टाक म्हणले, समोरच्याचा राग उतरू दे. दुसरा माफी आल्याबिगर टाकायचा न्हाई. मंग रोज पान उघडून बघून राह्यलो."

मी खोडलेलं वाक्य काकांना कसं कळलं, तेही मी विचारलं. ते आपल्यालाही कळलं नाही, म्हणाला. आपण नुसतं टाइप केलं.

माझी माफी काकांनी वाचली नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. मी ती मागेन याची खात्री माझी मलाच नव्हती, त्यांना होती.