पळसाच्या पानातलं शिळं मटण

आमच्या घरी मटण शिजायचं ते अंगणात. घरात देव, म्हणून मटणाची हंडी उंबरठ्याच्या आत यायची नाही. गोठ्याच्या भिंतीला तीन दगडांची वेगळी चूल होती आणि तिच्यावर आबा स्वतः रांधायचे. एरवी पाण्याचा तांब्याही हाताने न उचलणारे माझे वडील त्या दिवशी धोतर खोचून चुलीपुढे बसत आणि माय लांबून मसाला वाटून देई. जेवणं झाली की हंडी राखेने घासून गोठ्यातल्या खुंटीला टांगायची. हे सगळं मला तेव्हा इतकं साधं वाटायचं, की जगात सगळीकडे असंच असतं अशी माझी समजूत होती.

शिळ्या मटणावर मात्र मायचं राज्य. आबांनी रांधायचं ते पाहुण्यांसाठी, वाहवा घेण्यासाठी. दुसऱ्या दिवशी हंडीच्या तळाशी उरलेल्या चार फोडी आणि वाटीभर रस्सा दहा तोंडांना पुरवायचा तो मायने. सकाळी उठल्याबरोबर ती हंडीला एक कढ आणायची, नाहीतर उन्हाळ्यात दुपारपर्यंत वास सुटायचा. मग रश्श्यात पाणी वाढवून, वर काळा मसाला घालून, बेसनाचे डुबुकवडे सोडायची. वडे उकळत्या रश्श्यात बुडायचे, फुगून वर यायचे आणि मटणाची चव पिऊन घ्यायचे. ज्वारी-उडदाच्या कळणाच्या भाकरीबरोबर ते खाताना फोड वाट्याला आली नाही तरी कुणी कुरकुरायचं नाही. कधी फोडी कुस्करून कांद्यावर कोरड्या परतायची आणि आम्हा पोरांना भाकरीत गुंडाळून द्यायची. माय गोड बोलणारी नव्हती, पण तिच्या हाताला चव होती.

त्यातूनही जे उरे ते सालदाराच्या घरी जाई. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीला फिटायचं. आमचा सालदार भिल्ल होता, म्हसावदच्या पलीकडून, डोंगराच्या पायथ्यापासून आलेला. गावाबाहेर आमच्या खळ्याच्या कडेला कुडाची झोपडी होती, तिथे तो, त्याची बायको आणि अंगावर पिणारी एक पोरगी अशी तिघं राहत. सालदारीण सकाळी शेण काढायला आली की माय तिच्या मातीच्या वाडग्यात वरून ओतायची. हात लांब, वाडगं खाली. थेंब उडाला तर माय मागे सरायची. सालदारीण वाडगं पदराखाली घेऊन हसतमुखाने जायची, आणि मी तिच्या मागे.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. जीभ माझी तेव्हापासून लांब. खळ्यावर जायला मला निमित्त लागायचं नाही, गोवऱ्या मोजते, कैऱ्या पाडते, काहीही. खरं कारण ती झोपडी होती.

आमच्या घरचं ते शिळं तिच्या हातात गेलं की वेगळंच काही व्हायचं. ती हाडं बाजूला काढून फोडींचे तंतू तंतू करायची. वाळवलेली अंबाडीची पानं, लसूण आणि लाल मिरची दगडावर ठेचायची आणि मूठभर ज्वारीच्या पिठात ते सगळं कालवायची. फाल्गुनात पळस बोडका असतो, म्हणून तिने हिवाळ्यातच पानं वाळवून ठेवलेली असत. ती पाण्यात भिजवून मऊ करायची, त्यावर हा गोळा थापायची, वरून दुसरं पान लावून कडा मुडपायची आणि निखाऱ्यात सरकवायची. पान करपायला लागलं की जो वास सुटे, तो आजही मला कुठे आला तर मी चालता चालता थांबते. हाडं आणि रस्सा दुसऱ्या मडक्यात ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजत पडायचा. तिच्या घरी तेल नव्हतं, खोबरं नव्हतं, मसाला आमचाच रश्श्यातून आलेला.

पहिल्या वेळी मी हात पुढे केला तेव्हा ती घाबरली. घरी ती भिल्लांची बोली बोलायची, आमच्याशी मोडकी अहिराणी. म्हणाली, "नको बाई. तुन्ही माय मारी."

मी तिचं ऐकलं नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढे सगळ्यांनी तिने मला खाऊ घातलं असंच धरलं. तिने नाही घातलं. मी स्वतः पान उलगडलं, बोट भाजलं, फुंकर मारली आणि खाल्लं. आंबट, तिखट, धुराचं. मग ती नुसती बघत राहिली. निघताना तिने माझा हात स्वतःच्या लुगड्याने पुसला आणि म्हणाली, "घर सांगू नको."

मी नाही सांगणार म्हटलं. पुढे वर्षभर जेव्हा जेव्हा घरी मटण झालं, तेव्हा तेव्हा दुसऱ्या दिवशी मी खळ्यावर. मला दारात पाहिलं की ती आधी विचारायची, "जेवनी का बाई?" मी जेवून आलेली असले तरी नाही म्हणायची.

त्या वर्षी धुळवडीला गावात बोकड पडलं. वाटे झाले, आमच्या घरी मोठा वाटा आला, आबांनी हंडीभर रांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन भाऊबंद बांधाचं काही बोलायला आले आणि जेवायला थांबले. एक आबांचे चुलत काका, गावात ज्यांचा शब्द खाली पडत नसे असे. मायने घाईघाईने डुबुकवडे केले. पानं ओसरीवर मांडली होती आणि मी भाकरी वाढत होते.

काका मला चिडवायचे नेहमी. घास तोंडात घालून म्हणाले, "काय व पोरी, तुन्ही मायना हातनी भाजी कशी शे?"

चारचौघांत कुणी विचारलं की मला चेव यायचा. मी म्हटलं, "गोड शे. पन सालदारनी करस ते जास्त गोड लागस."

काकांचा हात ताटातच थांबला. "तू कोठे खादं?"

"खळामा," मी म्हटलं. सगळ्यांचे चेहरे बघून माझं काहीतरी चुकलं एवढं कळलं, पण काय ते कळेना. म्हणून मी समजावून सांगायला गेले. "आपलंच मटन शे ते, आबा! मायनीच दिन्हं तिले."

मला खरोखर तसंच वाटत होतं. वाटा आमचा, हंडी आमची, आबांनी रांधलेलं, मायने दिलेलं. जे आमच्याच घरातून गेलं ते परत आमच्या तोंडात आलं तर त्यात बाटायचं काय? आमच्याकडून तिच्याकडे अन्न जातं, तिच्याकडून आमच्याकडे येत नाही, हा नियम कुणी मला तोंडाने सांगितलाच नव्हता. सांगायची गरज पडावी असं कुणाला वाटलं नसेल.

काका उठले. दुसरेही उठले. हात धुतले, पान अर्धं टाकून निघाले. मायने मला ओढत विहिरीवर नेलं, डोक्यावरून घागरी ओतल्या, गोमूत्र पाजलं. मारलं मात्र नाही.

संध्याकाळी भाऊबंद ओट्यावर जमले. मी दाराआड उभी होते. काकाच बोलले, "पोर लहान शे, तिले समजत नही. पन त्या बाईले समजाले पाहिजे व्हतं." एवढ्यात सगळं ठरलं. भाऊबंदांनी आमच्या घरी पुन्हा पंगतीला बसायला हवं असेल तर सालदाराने खळं सोडायचं.

आखाजीला दीड महिना बाकी होता. मधल्या दिवसांत कुणी सालदार ठेवत नाही हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. साल मोडलेल्या गड्याला तर दुसऱ्या गावातही दारात उभं करत नाहीत, काय केलं असेल म्हणून. ते लोक गेल्यावर माय हळूच म्हणाली, "आखाजीलोंग ऱ्हाऊ द्या त्यासले. लहान पोर शे तिन्हा अंगावर."

आबा म्हणाले, "मंग आपले गाव ऱ्हाऊ देई का?"

आबा दुष्ट नव्हते. हे लिहिताना मला त्यांचा राग येतो आणि राग आल्याची लाजही वाटते, कारण जीभ माझी होती.

सकाळी ती तिघं निघाली तेव्हा मी खळ्याच्या वाटेवर जाऊन उभी राहिले. पुढे तो, खांद्यावर कुऱ्हाड. मागे ती, डोक्यावर मडकी आणि गाठोडं, कडेवर पोरगी. आता ती मला शिव्या देईल, थुंकेल, असं वाटत होतं आणि तिने तसं करावं असंही वाटत होतं. ती माझ्यापाशी आली आणि सवयीने तिच्या तोंडून गेलं, "जेवनी का बाई?" मग स्वतःच्याच ते लक्षात आलं असावं. तिने मान फिरवली आणि चालू लागली. मी तिथेच धुळीत बसून रडले.

आखाजीच्या बाजाराला आबा म्हसावदला गेले होते. परत आल्यावर मायला सांगत होते, ती दिसली, मोळी विकत होती. मायने विचारलं, पोरगी? आबा म्हणाले, कडेवर नव्हती, घरी ठेवली असेल. मायने पुढे काही विचारलं नाही. मीही नाही. घरीच ठेवली असेल असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे. कधी पटतं, कधी पटत नाही.

नवा सालदार आला, पण माय त्याच्या बायकोला शिळं देईना. आखाडात मटण झालं, दुसऱ्या दिवशी तळाशी उरलं. माय बराच वेळ हंडीकडे बघत बसली. मग मला जवळ बोलावून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ती कशी करे व? अंबाडी कवय टाके?"

मी सांगितलं. अंबाडी कधी, लसूण किती, पीठ किती, पान कसं मुडपायचं, सगळं. पावसाने पळस नुकता भरला होता, पानं मीच आणून दिली. मायने निखाऱ्यात दोन पानं भाजली. गोठ्यात, म्हशीच्या आड बसून तिने एक खाल्लं. दुसरं माझ्यापुढे सरकवलं. मी ते उलगडून पुन्हा मुडपून ठेवलं. माय म्हणाली, "गोड शे," आणि पदराने डोळे पुसले. धूर होता, असं तिचं म्हणणं.

तेव्हापासून आमच्या घरी शिळ्या मटणाचं तेच होतं. दोनएक वर्षांनी तेच काका पुन्हा आमच्या ओसरीवर जेवायला बसले. मायने पान उलगडून त्यांच्या ताटात ठेवलं. त्यांनी खाल्लं, आणखी मागून घेतलं आणि आबांना म्हणाले, "सूनना हातले चव शे भाऊ. अशी भाजी गावमा कोठेच नही."

मायने माझ्याकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं. भाकरीची टोपली माझ्याच हातात होती. काकांनी हसून मला विचारलं, "काय व, कशी शे?"

"गोड शे," मी म्हटलं, आणि त्यांना भाकरी वाढली.