होनाच्या खाचेतलं कुंकू

नोकरीत हाताखालून गेलेली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. करंगळीच्या नखाएवढ्या एका सोन्याच्या नाण्याची ती घटना मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. त्या तपासात मी कुणालाही साधी चापटही मारली नाही, आणि चोर सापडला.

मी तेव्हा मैसूरमधल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात जयलक्ष्मीपुरममध्ये राहणारे एक निवृत्त इंजिनिअर आले. पुण्याहून इथे येऊन स्थायिक झालेले, जुन्या नाण्यांचा छंद असलेले गृहस्थ. त्यांनी टेबलावर एक डबी उघडली. आत होन होता, म्हणजे जुन्या राजवटीतलं सोन्याचं बारीक नाणं. ते त्यांना वडिलांकडून मिळालं होतं. पण सोनाराने कसाला लावून सांगितलं होतं की हे पितळ आहे आणि वर नुसता मुलामा आहे. कुणीतरी खरा होन काढून खोटा ठेवला होता.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"स्वयंपाकाच्या बाईवर. दुसरं कोण? लक्ष्मीपूजनाला होन बाहेर निघतो, तेव्हा सगळी मांडामांड तीच करते. साहेब, दोन ठेवून द्या, लगेच बोलेल. तुम्हीही मराठीच. आपल्या माणसाचं एवढं काम कराच."

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचं. घरी मराठी बोलतो. मी म्हणालो, "मराठी मी घरी. इथे फिर्याद लिहून द्या."

ती बाई टी. नरसीपूरकडची, एकटी, चार घरी स्वयंपाक करून जगणारी. तिला बोलावलंय ही बातमी माझ्या शिपायापेक्षा वेगाने पोचली. संध्याकाळपर्यंत चारातल्या तीन घरांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून कळवलं. चौथं घर फिर्यादीचंच. चोर सापडला नसता तर तिला त्या भागात पुन्हा कुणी चुलीपाशी उभं केलं नसतं.

महिला हेड कॉन्स्टेबलला बसवून मी तिचा जबाब घेतला. ती कन्नडमध्ये म्हणाली, "सार, पितळेवर सोनं कुठे चढवतात? मला तर भांड्यांना कल्हई कुठे करतात तेही सापडत नाही."

हेड कॉन्स्टेबलला हसू आलं. मला मात्र त्यात मुद्दा दिसला. चोरणारा चोरून जातो. हुबेहूब नक्कल ठेवायची तर मूळ नाणं एक-दोन दिवस हातात हवं. मी फिर्यादीला पुन्हा बोलावून एकच प्रश्न विचारला: होन कधी घराबाहेर गेला होता?

ते अडखळले. "फोटो काढायला दिला होता. दोन दिवस. पण तो शिकलेला माणूस आहे हो!"

पहिल्या जबाबात हे का आलं नाही, ते त्या शेवटच्या वाक्यातच होतं.

चारच दिवसांत देवराज मार्केटजवळच्या एका जुन्या नाणेविक्याने खबर दिली की तसाच एक होन विक्रीला आहे आणि त्याचे फोटो फिरताहेत. पंच घेऊन आम्ही बेळगोळच्या रस्त्यावरच्या त्या फोटोवाल्याच्या स्टुडिओत गेलो. होन त्याच्या टेबलावरच होता.

"माझाच आहे, सार. लंडनच्या एका साहेबाच्या संग्रहातून आला. पन्नास वर्षं कपाटात होता, कुणाचा हात लागलेला नाही. कागद येताहेत." तो आमच्या मैसूरच्या मराठीत बोलत होता, मध्येमध्ये कन्नड पेरत.

पंचनामा करून नाणं मुद्देमालात घेतलं. मी खिशातून सोनाराचं भिंग काढून ते पाहू लागलो, तर तो हसला.

"अय्यो सार, त्याने तुमच्या डोळ्याला दिसेल, कोर्टाला काय दिसणार?"

"मग काय घेऊ? यूएसबीचं मायक्रोस्कोप?"

"बेडा, बेडा! नकोच ते. नाण्याचा एक कोपरा डोंगराएवढा दिसेल, पण नाणं कुठलं ते कळणार नाही. मोबाइलवर चिकटवायची भिंगं कडा वाकवतात. मॅक्रो लेन्स घ्या, सार. कॅमेरा स्टँडवर, टायमर लावून. आणि उजेड बाजूने, तिरका. वरून दिला की नाणं चमकतं, पण खाचा मरतात."

हुशार माणसाला आपली विद्या सांगायची हौस असते. मी त्याचा शब्दन्‌शब्द लिहून घेतला.

ठाण्यात मॅक्रो लेन्स कुठली असणार? माझे दंतवैद्य रोग्यांच्या दातांचे फोटो काढतात हे मला आठवलं. त्यांनी कॅमेऱ्यासकट लेन्स दिली आणि स्वतःही आले. लेन्सला दातांसाठीचा गोल दिवा होता. तो आम्ही काढला आणि पंचांसमोर टेबलावरचा दिवा आडवा धरून त्यावर बटर पेपर लावला. उठावाचा वरचा भाग स्पष्ट आला की तळ धूसर व्हायचा. मग तळासाठी वेगळा फोटो. बऱ्याच फोटोंनंतर एक असा आला की त्यात पूर्ण होन होता, आणि त्यावरच्या देवतेच्या पायाखालच्या खाचेत लाल कण होते. सोनं काही तसं गंजत नाही. प्रयोगशाळेने लेखी कळवलं: हळदीपासून केलेलं कुंकू.

मी फोटोवाल्याला बोलावलं. चहा दिला.

"हा होन लंडनच्या कपाटात होता ना?"

"हौदु, सार, होय. पन्नास वर्षं."

मी फोटो पुढे सरकवला. "मग त्या साहेबाकडे लक्ष्मीपूजन कोण करत होतं?"

त्याने तो उचलून उजेडाकडे धरला. म्हणाला, "फोटो छान आलाय, सार."

"धुतलं का नाहीस?"

"जुनं नाणं धुतलं की त्याची किंमत जाते. आमच्यात कुणी धूत नाही." एवढं बोलून त्याने चहा बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. नकलेचा साचा त्याच्याच कपाटात मिळाला.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. संशयितांच्या यादीत एखादं नाव पहिलं आलं की मी स्वतःला विचारायचो: हे पुराव्याने वर आलंय की गरिबीने? कनिष्ठांनाही विचारायला लावायचो. गरीब माणूस आधी पकडला जातो, कारण तो हाताशी असतो आणि त्याच्यासाठी कुणी फोन करत नाही. ही आपली पद्धत अन्यायाची आहे, आणि वर्दीतल्यांनी हे आधी बोललं पाहिजे.

तपासाच्या शेवटच्या दिवशी ती बाई आणि फिर्यादी दोघेही ठाण्यात होते. इंजिनिअर तिला म्हणाले, "चुकलं माझं, कामावर या." तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "सार, तुमच्या वहीतून माझं नाव खोडा."

स्टेशन डायरीत खाडाखोड चालत नाही. मी तिच्यासमोर खाली नवी नोंद केली: सदर महिलेवरील संशय निराधार ठरला, तिचा गुन्ह्याशी काहीही संबंध नाही. मग ती कन्नडमध्ये वाचून दाखवली. तोवर इंजिनिअर बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले होते.

"परत एकदा वाचा, सार. ते ऐकतील असं."

मी खुर्चीवरून उठलो, टोपी घातली आणि बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत जाईल अशा आवाजात ती नोंद पुन्हा वाचली.